क्लेप देऊन बिझनेसच्या बेसिक कोर्सेसचं क्रेडिट कसं मिळवायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

अमेरिकेत बॅचलर्स डिग्री म्हणजे साधारण १२० क्रेडिटं. बिझनेस मेजर घेतलं की पहिल्या दोन वर्षांत अकाउंटिंग, मायक्रो, मॅक्रो, मार्केटिंग, मॅनेजमेंट, बिझनेस लॉ हे सगळं ओघाने येतंच, प्रत्येकी ३ क्रेडिटं, प्रत्येकाला एक अख्खं सेमिस्टर आणि क्रेडिटच्या हिशोबाने फी. यातले बरेच कोर्स ९० मिनिटांची एक परीक्षा देऊन उरकता येतात, पण आपल्याकडच्या पालकांना एपीचं, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचं, सगळं तोंडपाठ असतं आणि क्लेपचं नाव काढलं की "हे काय आणि नवीन?" म्हणून जरा बैजवार लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. यात परीक्षा पास होणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते मिळालेलं क्रेडिट नेमक्या त्या कोर्सच्या नावावर जमा होणं. लोक उलट क्रमाने जातात, आधी पुस्तक आणतात, परीक्षा देतात, आणि मग कॉलेजला विचारतात की हे चालेल का. तर क्रम बदला, बाकी सगळं जमतं.

क्लेप, म्हणजे कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम, हे काय ते पटकन बघू. एसएटी आणि एपी घेणारं जे कॉलेज बोर्ड, त्यांचीच ही परीक्षा, १९६७ पासून चालू आहे, आत्ता ३४ विषय आहेत. बिझनेस गटात पाच येतात: फायनान्शियल अकाउंटिंग, इंट्रोडक्टरी बिझनेस लॉ, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट, प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स. मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स कागदोपत्री सोशल सायन्सच्या गटात आहेत पण बिझनेसवाल्यांना ते लागतातच, म्हणून आपण सातच धरू. स्कोअर २० ते ८० मध्ये येतो, आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी की ५० आले की ३ क्रेडिटं द्यावीत. हे ५० म्हणजे शंभरातले पन्नास नाहीत बरं का, ते स्केल्ड असतात, साधारण त्या कोर्समध्ये सी ग्रेड मिळवणाऱ्या मुलाएवढं तुम्हाला येतं असा त्याचा अर्थ. वयाची अट नाही, आधी कोर्स केलेला असावा अशी अट नाही, आणि एपीसारखं फक्त मे महिन्यात असंही नाही, वर्षभर कधीही देता येते.

खर्चाचं बघा. २०२४-२५ मध्ये परीक्षेची फी ९५ डॉलर होती, अधूनमधून दोन-तीन डॉलरने वाढते, त्यावर टेस्ट सेंटर आपली वेगळी फी लावतं. आता समजा तुमच्या कॉलेजात क्रेडिटला ४०० डॉलर पडतात, म्हणजे ३ क्रेडिटचा कोर्स १२०० ला, वर पुस्तकं, वर पार्किंग. चार कोर्स असे काढले तर वाचलेले पैसे तुम्हीच मोजा. आणि आपल्यातल्या एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना तर फेडरल फायनान्शियल एडही मिळत नाही, सगळी फी आईबापाच्या खिशातून जाते, त्या घरांनी तर हे बघायलाच हवं.

पहिली पायरी : कॉलेजची पॉलिसी, आणि ती नीट वाचणे

क्लेप २,९०० च्या वर कॉलेजेस मानतात असं कॉलेज बोर्ड सांगतं, ते खरंच आहे, पण "मानतात" या शब्दाखाली बरंच काही झाकलेलं असतं. नावाजलेल्या खाजगी युनिव्हर्सिट्या, आयव्ही लीग वगैरे, शक्यतो मानत नाहीत. कम्युनिटी कॉलेजेस आणि स्टेट युनिव्हर्सिट्या बऱ्यापैकी उदार असतात. फ्लोरिडात तर सरकारी कॉलेजांसाठी राज्यभर एकच यादी आहे, कुठल्या परीक्षेला किती स्कोअर आणि त्याबदली कुठला कोर्स, सगळं ठरलेलं, परीक्षांमधून ४५ पर्यंत क्रेडिटं घेता येतात. प्रौढांसाठीची काही कॉलेजेस, उदाहरणार्थ न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन स्टेट किंवा कनेक्टिकटमधलं चार्टर ओक, ही तर अशाच क्रेडिटांसाठी ओळखली जातात. नोकरी करता करता अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करणाऱ्यांनी ही नावं लक्षात ठेवा.

कॉलेजच्या साइटवर "क्रेडिट बाय एक्झाम" किंवा "प्रायर लर्निंग" असं शोधा, एक तक्ता सापडेल. त्यात तीन रकाने असतात, परीक्षा, लागणारा स्कोअर आणि त्याबदली मिळणारा कोर्स. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. तिथे तुमच्या मेजरला लागणाऱ्या कोर्सचा नंबर छापलेला असेल तर उत्तम. "इलेक्टिव्ह", म्हणजे ऐच्छिक, असं लिहिलं असेल तर क्रेडिट मिळेल पण तो मार्केटिंगचा कोर्स तुम्हाला परत करावाच लागेल, फक्त १२० मधले ३ कमी झाले एवढंच. आणि इलेक्टिव्हची जागाच शिल्लक नसेल तर त्या ३ क्रेडिटांचा काडीचा उपयोग नाही. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, परीक्षेत नाही.

मग रजिस्ट्रारला (कॉलेजच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) किंवा ॲडव्हायझरला ईमेल करा, फोन नको, ईमेलच, कारण सहा महिन्यांनी ॲडव्हायझर बदलतो आणि नवीन माणूस म्हणतो मला काही माहीत नाही. ईमेलमध्ये सरळ विचारायचं की मी अमुक परीक्षा अमुक स्कोअरने पास झाले तर ती माझ्या मेजरमध्ये अमुक नंबरच्या कोर्सऐवजी धरणार का, बिझनेस स्कूलचा स्वतःचा काही वेगळा नियम आहे का, एकूण किती क्रेडिटं परीक्षांमधून चालतात, आणि डिग्रीच्या किती आधीपर्यंत हे करावं लागतं. बिझनेस स्कूलचं मुद्दाम विचारा, कारण युनिव्हर्सिटी हो म्हणते आणि बिझनेस स्कूल म्हणतं आमचे कोअर कोर्स इथेच करायचे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. शेवटची ३० क्रेडिटं आमच्याकडेच पूर्ण करा असाही नियम बऱ्याच कॉलेजांत असतो, त्यामुळे सीनियर इयरला जाग येऊन उपयोग नाही.

अजून दोन बारीक गोष्टी. एपी मायक्रोचं क्रेडिट मिळालं असेल तर क्लेप मायक्रोचं परत मिळत नाही, एकाच विषयाचं दोनदा नाही. आणि मुलगा नंतर कॉलेज बदलणार असेल तर नवीन कॉलेज क्लेपचा स्कोअर आपल्या नियमाने नव्याने बघतं, जुन्या कॉलेजने दिलं म्हणून ते देईलच असं नाही. कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर करणाऱ्यांनी दोन्हीकडचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आलेल्यांसाठी वेगळं. अंडरग्रॅडला दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिटं एनरोल असावी लागतात, आणि परीक्षेतून मिळालेलं क्रेडिट त्या १२ मध्ये धरत नाहीत. म्हणजे सोपे सोपे कोर्स सगळे परीक्षेने उडवले आणि मग एखाद्या सेमिस्टरला भरायला कोर्सच उरले नाहीत तर व्हिसाचं लचांड मागे लागतं. इंटरनॅशनल ऑफिसला आधी प्लॅन दाखवा.

दुसरी पायरी : कुठली परीक्षा आधी द्यायची

माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात मार्केटिंग किंवा मॅनेजमेंटने करा. दोन्हीत साधारण १०० प्रश्न, गणित जवळजवळ नाही. मॅनेजमेंटमध्ये निम्म्याच्या आसपास प्रश्न प्लॅनिंग, लीडिंग, कंट्रोलिंग या भागावर असतात. भारतात बीकॉम, बीबीए, बीएमएस केलेल्यांना हे सगळं ओळखीचंच आहे, फेयॉलचे १४ प्रिन्सिपल्स, टेलर, मॅस्लो, हर्झबर्ग, थिअरी एक्स आणि वाय. नवीन काय असेल तर अमेरिकन कामगार कायदे, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाला बंदी), १९७० चं ओशा (कामाच्या जागेची सुरक्षितता), एवढं वाचून घ्या. मार्केटिंगमध्ये जवळजवळ अर्धा पेपर फोर पी वर (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) असतो, आणि प्रश्न व्याख्या विचारत नाहीत, प्रसंग देतात. नवीन फोन महाग किमतीत आणला आणि हळूहळू भाव उतरवला, याला काय म्हणतात? स्किमिंग. उलट पहिल्या दिवसापासून स्वस्त ठेवून मार्केट खाल्लं तर पेनिट्रेशन. नुसतं पाठांतर केलेलं पोर इथे अडखळतं.

मायक्रो, मॅक्रोला ८० च्या आसपास प्रश्न, ग्राफ हातात बसले की झालं. ज्यांनी शाळेत एपी इकॉनॉमिक्स घेतलं पण स्कोअर कमी पडला त्यांच्यासाठी ही दुसरी संधीच आहे.

इन्फर्मेशन सिस्टिम्स आयटीतल्या घरात सोपं वाटतं, पण तुमच्या कॉलेजात त्याला कोर्स आहे का ते आधी बघा.

फायनान्शियल अकाउंटिंगला प्रश्न कमी, ७५ च्या आसपास, तरी वेळ तोच, यावरून काय ते समजा. जो पोरगा पुढे अकाउंटिंगमध्येच मेजर करणार आहे त्याने हा कोर्स वर्गात बसून करावा असं मी म्हणेन, कारण इंटरमीडिएट अकाउंटिंग याच्याच डोक्यावर उभं असतं. मार्केटिंग किंवा एचआरवाल्यांनी खुशाल परीक्षेने उरकावं. आणि हे लक्षात घ्या की बऱ्याच बिझनेस प्रोग्रॅममध्ये अकाउंटिंगचे दोन कोर्स असतात, फायनान्शियल आणि मॅनेजेरियल, क्लेपने फक्त पहिला सुटतो.

तिसरी पायरी : अभ्यास, आणि फी माफ कशी होते

मॉडर्न स्टेट्स नावाची एक संस्था आहे, तिचे क्लेपच्या विषयांवर फुकट ऑनलाइन कोर्स आहेत. कोर्स पूर्ण करायचा, सरावाच्या प्रश्नांत ७५ टक्क्यांच्या वर मार्क मिळवायचे, त्याचा पुरावा त्यांना द्यायचा, मग ते परीक्षेच्या फीचं व्हाउचर देतात. टेस्ट सेंटरची फी आधी आपण भरायची आणि पावती दाखवून परत मिळवायची. यात गोम काही नाही, खरंच फुकट आहे. नियम आणि कोण पात्र ते मधूनमधून बदलतात म्हणून कोर्स सुरू करण्याआधी साइटवर एकदा बघून घ्या, आणि व्हाउचर हातात आल्याशिवाय कॉलेज बोर्डाला पैसे भरू नका.

वाचायला ओपनस्टॅक्सची पुस्तकं घ्या, राइस युनिव्हर्सिटीचा प्रकल्प आहे, पीडीएफ फुकट. मॅनेजमेंट, मार्केटिंग, अकाउंटिंगचा पहिला भाग, बिझनेस लॉ, इकॉनॉमिक्स सगळं आहे. अख्खं पुस्तक वाचू नका. कॉलेज बोर्डाच्या साइटवर प्रत्येक विषयात कुठल्या भागाला किती टक्के वजन आहे ते दिलंय, ते प्रिंट करून भिंतीवर लावा आणि जिथे टक्के जास्त तिथे दिवस जास्त द्या. त्यांचं अधिकृत एक्झाम गाइड थोडे पैसे देऊन मिळतं, त्यातले प्रश्न खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळचे, ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. वेळ लावून सोडवा.

आता भारतात कॉमर्स शिकून आलेल्यांसाठी, म्हणजे एच-४ वर किंवा आता ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या मैत्रिणी ज्या इथे परत शिकायचं म्हणतायत त्यांच्यासाठी खास. तुम्हाला अर्धं येतंच आहे, पण जे येतंय तेच मध्ये मध्ये पाय ओढतं.

अकाउंटिंग घ्या. आपल्याकडे कॉमर्सला शिकवतात त्या कंपनी बॅलन्स शीटमध्ये आधी इक्विटी आणि लायबिलिटीज येतात, इथे पहिल्या ओळीत कॅश, मग रिसीव्हेबल, मग इन्व्हेंटरी, असं लवकर पैशात बदलणाऱ्यापासून खाली जातात. आपण मालाला स्टॉक म्हणतो, इथे स्टॉक म्हणजे शेअर, प्रश्नात कॉमन स्टॉक वाचून गोदामात जाऊ नका. आणि लिफो. भारतात इंड एएस (तिथली अकाउंटिंगची मानकं) खाली लिफो चालतच नाही, इथे चालतं आणि परीक्षेत हमखास येतं. एक गणित करूनच बघा. आधी १०० नग १० डॉलरने घेतले, मग १०० नग १२ ने, आणि १०० विकले २० ने. विक्री २,००० डॉलर. फिफोने आधीचा माल आधी गेला असं धरायचं, खर्च १,०००, म्हणजे ग्रॉस प्रॉफिट १,०००. लिफोने नंतरचा माल आधी गेला असं धरायचं, खर्च १,२००, प्रॉफिट ८००. ॲव्हरेजने ९००. भाव चढत असताना लिफोने नफा कमी दिसतो आणि म्हणून टॅक्स कमी, शेवटी शिल्लक मालाची किंमतही कमी दिसते, या एका उदाहरणावर तीन-चार तऱ्हेचे प्रश्न निघतात. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, साधा बेरीज-वजाबाकीवाला, स्वतःचा नेऊ देत नाहीत.

बिझनेस लॉमध्ये तर जास्तच सांभाळा. पेपरचा सगळ्यात मोठा हिस्सा कॉन्ट्रॅक्टचा, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि आपण सगळे १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टवर वाढलेलो. मायनरशी केलेला करार आपल्याकडे व्हॉइड, म्हणजे मुळातच रद्द, १९०३ ची मोहरी बीबीची केस बीकॉमला घोकलेली असते. अमेरिकेत तो व्हॉइडेबल, म्हणजे मायनरने मोडायचं ठरवलं तर मोडतो, समोरच्या मोठ्या माणसाला मात्र मोडता येत नाही. तुम्ही सवयीने व्हॉइडवर टिक केलंत की गेला प्रश्न. तसंच पास्ट कन्सिडरेशन, म्हणजे आधीच झालेल्या कामाचा मोबदला. एखाद्याने तुमच्या विनंतीवरून आधीच काम करून दिलं आणि नंतर तुम्ही पैसे कबूल केले तर आपल्या कायद्यात ते चालतं, इथे सर्वसाधारण नियम असा की झालेल्या गोष्टीला कन्सिडरेशन धरत नाहीत. तिसरं, इथे स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स आहे, जमिनीचा व्यवहार, एका वर्षात पूर्ण होऊच शकणार नाही असा करार, ५०० डॉलर किंवा जास्त किमतीच्या वस्तूंची विक्री, हे लेखी लागतं. आणि वस्तूंच्या विक्रीला यूसीसी (युनिफॉर्म कमर्शियल कोड), नोकरी, सेवा आणि जमिनीला कॉमन लॉ (कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा), प्रश्न वाचला की आधी हेच ठरवायचं की विकलं काय जातंय. हे एवढं पक्कं केलंत तर बाकी टॉर्ट, कोर्टांची रचना वगैरे आरामात होतं.

किती दिवस लागतील हे माणसागणिक. मॅनेजमेंट, मार्केटिंगला रोज तास-दीड तास दिला तर तीन-चार आठवडे पुरतात असं माझं मत, अकाउंटिंग अगदी नवीन असेल तर दोन महिने धरा. दोन विषय एकदम घ्यायचे तर मायक्रो-मॅक्रोची जोडी चालते, लॉ आणि अकाउंटिंग एकत्र नको.

चौथी पायरी : नोंदणी, आणि आपल्या नावांचा घोळ

कॉलेज बोर्डाच्या साइटवर क्लेपचं अकाउंट काढायचं, परीक्षा निवडायची, व्हाउचर टाकायचं किंवा कार्डने भरायचं, मग तिकीट मिळतं. तिकीट सहा महिने चालतं. तारीख मात्र टेस्ट सेंटरकडे वेगळी घ्यावी लागते, बहुतेक सेंटर कुठल्यातरी कॉलेजातच असतात, काही आठवड्यातून दोनच दिवस घेतात आणि सेमिस्टर संपताना गर्दी असते.

नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, कुणाचं आडनाव ड्रायव्हिंग लायसन्सवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, कुणाच्या गिव्हन नेममध्ये दोन्ही नावं चिकटलेली. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव तिकिटाशी जुळलं नाही तर बसू देत नाहीत, हुज्जत घालून फायदा नसतो. फोटो आणि सही असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. आणि कॉलेजच्या रेकॉर्डला नाव वेगळं असेल तर स्टुडंट आयडी नंबर नोंदणीत जरूर भरा, नाहीतर स्कोअर जातो आणि कुणाच्याच फाइलला लागत नाही.

नोंदणी करतानाच स्कोअर कुठल्या कॉलेजला पाठवायचा ते विचारतात, एक कॉलेज फुकट असतं. भरून टाका. नापास झालो तर कॉलेजला कळेल अशी भीती पोरांना वाटते, पण नापास क्लेप जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, कुठेच धरत नाहीत. पास झाल्याचाही जीपीएला उपयोग नाही म्हणा, नुसतं क्रेडिट लागतं, ज्याला जीपीए वर काढायचाय त्याने सोपे कोर्स वर्गातच करून ए घ्यावेत.

घरून द्यायचीही सोय आहे, २०२० पासून, कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा माणूस असतो आणि त्याची फी वेगळी. खोलीत एकटं असावं लागतं, दार बंद, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. भारतातून सासू-सासरे आलेले असतील आणि "चहा घेतेस का गं" म्हणत कुणी दार उघडणार असेल तर सरळ सेंटरला जा.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला मिनिटभरही नाही, अडलं की मार्क करून पुढे जा आणि शेवटी परत या. काही प्रश्न ट्रायलचे असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही, तेव्हा एखादा अगदीच परका प्रश्न आला तर त्यावर पाच मिनिटं घालवू नका. बिझनेसच्या विषयांचा स्कोअर संपल्या संपल्या स्क्रीनवर दिसतो.

पन्नासच्या खाली आला तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही, दुसरा विषय मात्र लगेच देता येतो. म्हणून फॉलला ॲडमिशन घेणाऱ्याने जूनमध्ये नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली परीक्षा द्यावी, हुकली तर एक संधी हातात राहते.

पास झालात की काम संपलं असं समजू नका. दोन-तीन आठवड्यांनी कॉलेजच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट (कुठले कोर्स झाले, कुठले बाकी याची यादी) उघडून बघा. कोर्सच्या नावासमोर क्रेडिट दिसलं तर छान. काहीच दिसत नसेल तर स्कोअर पोचलाय का ते रजिस्ट्रारला विचारा. इलेक्टिव्हमध्ये पडलं असेल तर तो जुना ईमेल काढा, त्याला जोडून डिपार्टमेंटच्या चेअरला कोर्स सब्स्टिट्यूशनसाठी लिहा, सोबत क्लेपच्या विषयाची टक्केवारीची यादी आणि त्यांच्याच कोर्सचा सिलॅबस लावा, कुठला भाग कुठे जुळतो ते दाखवून. पुष्कळदा हे मान्य होतं, कारण समोरच्याला स्वतः काही शोधावं लागत नाही. नाही झालं तर तेवढ्यावर सोडून द्या आणि पुढच्या परीक्षेचं आधी लेखी घ्या.

तुमच्या कॉलेजात क्लेपमध्ये नसलेला विषय लागत असेल, म्हणजे इंट्रोडक्शन टू बिझनेस, ह्यूमन रिसोर्स, बिझनेस एथिक्स, प्रिन्सिपल्स ऑफ फायनान्स, तर डीएसएसटी नावाची दुसरी परीक्षा आहे, तिची पद्धत साधारण अशीच. ती मानणारी कॉलेजेस कमी, म्हणून तिथेही तोच तक्ता आधी. आणि क्लेपचे स्कोअर कॉलेज बोर्ड २० वर्षं जपून ठेवतं, आज पोराने बारावीत दिलेल्या मार्केटिंगच्या परीक्षेचं ट्रान्सक्रिप्ट पुढे कधी कॉलेज बदललं तरी फी भरून मागवता येतं, लॉगिनचा ईमेल तेवढा शाळेचा न देता स्वतःचा द्या, शाळेचा पास झाल्यावर बंद होतो.